गावातून कारखान्यात कामाला निघालेल्या बायकांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, रांजणगाव, भोसरी, वाळूज, सातपूर, अंबड, बुटीबोरी, तळोजा. या औद्योगिक वसाहतींमध्ये वायर हार्नेसच्या (वायरींच्या जुड्या बनवायच्या) लाइनवर, पॅकिंगला, इन्स्पेक्शनला, शिलाईला मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून आलेल्या हजारो बायका उभ्या असतात. कष्ट त्यांचे असतात. पण आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा किंवा भावाचा, एटीएम कार्ड ठेकेदाराकडे आणि पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) नंबर कुणालाच ठाऊक नाही, अशी गत जागोजागी दिसते. पुढची बरीचशी उत्तरं फिरून याच गोष्टीवर येतात: आपलं खातं, आपला नंबर, आपला कागद आपल्या हातात हवा.

कायद्याबद्दल आधीच एक सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारच्या चार श्रम संहिता अमलात आल्या आहेत. वेतन, सामाजिक सुरक्षा, औद्योगिक संबंध आणि कामाच्या जागची सुरक्षितता असे त्यांचे विषय आहेत. जुन्या कायद्यांतले बरेच हक्क तसेच पुढे आले, काही बदलले. खालची माहिती महाराष्ट्रात काम करणाऱ्या बाईला समोर ठेवून लिहिली आहे.

घरून निघण्याआधी कोणती तयारी करायची?

सगळ्यात आधी आधार कार्डाला स्वतःचा मोबाइल नंबर जोडा. तो घरच्यांच्या नंबरला जोडलेला असेल तर पीएफ, बँक, रेशन, प्रत्येक ठिकाणचा ओटीपी गावात वाजतो आणि तुम्ही गेटवर ताटकळत बसता. नंबर बदलायची खात्रीची वाट म्हणजे आधार केंद्रावर स्वतः जाणं. नवा नंबर लागू व्हायला काही दिवस जातात, त्यामुळे हे काम निघायच्या आदल्या दिवसावर ठेवू नका.

दुसरं, स्वतःच्या एकटीच्या नावाचं बँक खातं. जनधन खातं चालतं, त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. नवऱ्याबरोबरचं संयुक्त खातं पगारासाठी देऊ नका. खात्याला आधार आणि तोच नवा नंबर जोडून घ्या.

तिसरं, पॅन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, शेवटची गुणपत्रिका, जातीचा दाखला असेल तर तो आणि सहा-आठ पासपोर्ट फोटो. प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. मूळ प्रती दाखवायच्या आणि परत पिशवीत ठेवायच्या. ‘व्हेरिफिकेशनला राहू द्या’ असं सांगून ठेवून घेतलेला दाखला काम सोडताना तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

आधारवर सासरचं नाव आहे आणि दाखल्यावर माहेरचं. चालेल का?

कामावर लागायला चालून जातं, पैसे काढायच्या वेळी अडतं. पीएफ खात्यातलं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी तंतोतंत जुळलं पाहिजे. कंपनीने दाखल्यावरून माहेरचं नाव टाकलं आणि आधारवर सासरचं असलं की केवायसी (ओळखीची पडताळणी) मंजूर होत नाही. म्हणून जॉइनिंगचा फॉर्म भरताना आधारवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने लिहायला सांगा. आधार, पॅन आणि बँक या तिन्हींवर एकच नाव करून घेतलं की पुढचे निम्मे हेलपाटे वाचतात. त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदणी करा. ज्यांना माहेरचंच नाव ठेवायचं आहे त्यांनी खुशाल ठेवावं, कायद्याने बदलायची सक्ती नाही. फक्त सगळीकडे तेच असू द्या.

चूक होऊन गेली असेल तर पीएफच्या पोर्टलवर ‘जॉइंट डिक्लरेशन’ भरून दुरुस्ती करता येते. त्याला काही वेळा कंपनीची मंजुरी लागते, त्यामुळे कामावर असतानाच ती करून घ्या. ठेकेदार बदलला किंवा बंद पडला की सही कुणाची घ्यायची, हा प्रश्न उभा राहतो.

गावात आलेला माणूस कामाला लावून देतो म्हणतो आणि जॉइनिंगचे पैसे मागतो. द्यायचे का?

नाही. गणवेश, गेटपास, मेडिकल, ‘फाइल चार्ज’, काहीही नाव दिलं तरी नाही. मनुष्यबळ पुरवणाऱ्याला त्याचे पैसे कंपनी देते.

त्याला तीन गोष्टी विचारा: प्रत्यक्ष काम कोणत्या कंपनीत आहे, पगार कुणाच्या नावाने निघणार आणि त्या ठेकेदाराचा पीएफ कोड काय. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकून शोधता येतं. तो ठेकेदार दरमहा पैसे भरतो का आणि किती कामगारांचे भरतो, हे तिथे दिसतं. दोनशे बायका कामाला आहेत म्हणणारा पंधरा जणींचाच पीएफ भरत असेल तर काय ते समजून घ्या.

उचलही घेऊ नका. ऊसतोडीला उचल घेऊन जायची सवय असल्यामुळे आगाऊ पैसे मिळाले की बरं वाटतं. पण त्या पैशाच्या जोरावर बाईला कामावर अडवून धरलं जातं आणि हिशेब कधीच फिटत नाही. कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणं १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मी कंपनीची कामगार की ठेकेदाराची? फरक काय पडतो?

नियुक्तिपत्र ज्याच्या नावाचं, त्याचे तुम्ही कामगार. नव्या संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे हेल्परला देत नाहीत’ हे उत्तर चालत नाही. पत्रात पद, पगाराची फोड, रुजू झाल्याची तारीख आणि कामाचं ठिकाण आहे का ते पाहा. कोऱ्या कागदावर किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. जॉइनिंगच्या गठ्ठ्यात असा एखादा कागद असतो आणि ‘पटापट सह्या करा’ म्हणत पानं उलटली जातात.

ठेकेदाराकडे असलात तरी मूळ कंपनीची जबाबदारी संपत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीला द्यावा लागतो. म्हणूनच कंपनीचं नाव असलेला गेटपास, बसचा पास, कँटीनचं कूपन यांचे फोटो काढून ठेवा. ‘ही बाई आमच्याकडे नव्हतीच’ असं कंपनी म्हणाली की हेच कागद बोलतात.

काही ठिकाणी अप्रेंटिस म्हणून घेतात. अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर करार असेल तर स्टायपेंड मिळतो, पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापले जात नाहीत. पण कोणताही नोंदलेला करार न करता नुसतं ‘ट्रेनी’ म्हणायचं आणि पहिल्या दिवसापासून लाइनवर पूर्ण टार्गेट घ्यायचं, हे बरोबर नाही.

सोळा हजार सांगितले होते, हातात अकरा हजारच आले. बाकीचे कुठे गेले?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून आकडे मांडूनच दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, रीत खरी आहे.

समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १३,००० रुपये आहेत आणि दुसरा कोणताही भत्ता नाही. त्यातून तुमचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,५६० रुपये आणि ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे ९७.५०, वरच्या रुपयात ९८ कापले जातात. हातात येतात ११,३४२.

कंपनी आपल्या बाजूने पीएफ आणि त्याच्या विम्या-प्रशासनाचे मिळून १३ टक्के म्हणजे १,६९० भरते, ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे ४२३ भरते. वर ८.३३ टक्के बोनसचे महिन्याचे १,०८३ धरले की बेरीज होते १६,१९६. ठेकेदार गावात हाच आकडा सांगतो. त्याला ‘सीटीसी’, म्हणजे तुमच्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च, म्हणतात आणि तो कधीच हातात येत नाही. विचारायचा प्रश्न एकच: ‘सगळी कपात होऊन खात्यात किती येणार?’

पुढे कँटीन, बस, खोली यांची कपात लागते. ती किती, हे आधी विचारा. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या ५० टक्क्यांहून जास्त होता कामा नयेत.

व्यवसाय कराकडे नीट पाहा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही. पुरुषांचंच कोष्टक लावून बायकांचेही दरमहा २०० रुपये कापले गेलेले पगारपत्रकात सापडतात. दिसले तर एचआरला दाखवून परत मागा. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची छोटीशी कपात होते, ती मात्र योग्य आहे.

किमान वेतन किती हे कसं कळणार?

एकच आकडा नसतो. उद्योग कोणता, जागा कोणत्या परिमंडळात आणि तुम्ही कुशल, अर्धकुशल की अकुशल, यावर दर ठरतो. मूळ दरावर विशेष भत्ता मिळतो आणि तो जानेवारी व जुलैमध्ये बदलतो. म्हणजे वर्षातून दोनदा पगारात थोडी वाढ दिसलीच पाहिजे. वर्षभर आकडा जागचा हलला नाही तर सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात चालू दराचं परिपत्रक मागा.

शिलाईत पीस रेट असतो. पूर्ण पाळी भरूनही पिसाचा हिशेब किमान वेतनाच्या खाली येत असेल तर फरक मालकाने द्यायचा. मशीन बंद, कापड आलं नाही, वीज गेली, यात गेलेला वेळ तुमच्या माथी मारता येत नाही. तसंच पुरुषाला आणि बाईला एकाच कामाचे वेगळे दर देता येत नाहीत. पुरुषांना ‘ऑपरेटर’ आणि बायकांना ‘हेल्पर’ म्हणून तोच जॉब करवून घेणं ही त्यातली नेहमीची पळवाट आहे. असं असेल तर महिनाभर रोज कोणत्या मशीनवर काम केलं याची नोंद ठेवा.

ओव्हरटाइमचा हिशेब कसा करायचा?

दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास हे नेहमीचं काम. त्यावरच्या तासाला दुप्पट दर. वरच्याच १३,००० च्या उदाहरणात २६ दिवसांनी भागलं की दिवसाचे ५०० रुपये, ८ ने भागलं की तासाचे ६२.५०. म्हणजे ओव्हरटाइमचा तास १२५ रुपयांचा. स्लिपवर ६२.५० ने लावला असेल तर त्याला ‘सिंगल ओटी’ म्हणतात. तो सर्रास चालतो आणि बेकायदा आहे.

अंगठा किंवा कार्ड पंच करून परत लाइनवर जायला लावणं हा दुसरा प्रकार. यंत्रात तुम्ही घरी गेलेल्या असता. यावर उपाय साधा आहे: एका वहीत रोज तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ आणि लाइन लीडरचं नाव लिहा. ओव्हरटाइम तुमच्या संमतीनेच देता येतो. वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, त्यामुळे वही जपून ठेवा.

पीएफ कापला जातो, पण भरला जातो का?

मागच्या महिन्याचा पीएफ आणि ईएसआय मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणून २०-२५ तारखेला पासबुक बघायची सवय लावा. उमंग ॲपमध्ये ते दिसतं. यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा नंबर) सुरू असेल आणि त्याला तुमचा मोबाइल जोडलेला असेल तर ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की शिल्लक संदेशाने येते.

यूएएन हा १२ आकडी नंबर आयुष्यभर एकच. काम बदललं की नव्या जागी तोच द्यायचा. बायकांच्या बाबतीत गफलत होते ती लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावामुळे: दोन नावं, दोन नंबर, दोन्हीत अर्धवट पैसे. जुना नंबर आठवत नसेल तर नवा घेण्याआधी आधारवरून जुना शोधायला सांगा.

दर वेळी काम सोडल्यावर पीएफ मोडायची घाई करू नका. मालकाच्या वाट्यातला ८.३३ टक्के भाग पेन्शनमध्ये जातो आणि पेन्शनला एकूण १० वर्षांची सेवा लागते. वेगवेगळ्या कंपन्यांतली वर्षं जोडली जातात, पण पेन्शनचे पैसेही काढून घेतले की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. वारस म्हणून कुणाचं नाव लावलं आहे तेही पाहा. सभासद कामावर असताना गेली तर वारसाला विम्याचे पैसे मिळतात, कमाल ७ लाख.

ईएसआयचा उपयोग काय? दवाखान्यात तर नुसती रांग असते.

रांग असते, हे खरं. तरीही या योजनेइतकं मोठं संरक्षण एवढ्या पगाराच्या बाईला दुसरीकडे कुठे मिळत नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार आणि आस्थापनेत १० किंवा जास्त कामगार असतील तर ती लागू होते. उपचार तुम्हाला आणि कुटुंबालाही मिळतात. मुलं गावी असतील तर त्यांच्यासाठी गावाजवळचा वेगळा दवाखाना नोंदवता येतो, फॉर्म भरतानाच तसं सांगा.

आजारी पडून रजा घेतली तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. हे काळ ठरलेले आहेत: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. त्यांचा लाभ अनुक्रमे पुढच्या जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो. ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो, खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर पैसे अडतात. गावी जाऊन आजारी पडणाऱ्यांची इथेच चूक होते. बरं नसेल तर जवळच्या ईएसआय दवाखान्यात आधी नोंद करा.

हाताला मशीन लागलं तर पहिल्यांदा काय करायचं?

उपचार. आणि त्याच दिवशी अपघाताची नोंद. कंपनीच्या अपघात नोंदवहीत नाव आलं पाहिजे आणि मालकाने ईएसआयला अपघात अहवाल पाठवला पाहिजे. दवाखान्यात ‘घरी पडले’, ‘दारात बोट चेमटलं’ असं सांगायला लावतात. ते सांगू नका. पहिल्या केसपेपरवर जे लिहिलं जातं तेच पुढे खरं धरलं जातं.

कामावरच्या अपघातात वर्गणीच्या दिवसांची अट नाही. कामाचा पहिला दिवस असला तरी बरं होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व आलं तर मासिक पेन्शन असते. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही यात धरला जातो. ईएसआयचा नंबर पहिल्या दिवशीच मागा म्हणतो ते यासाठी. अपघात झाल्यावर घाईघाईने नोंदणी करणारे ठेकेदार आहेत आणि तारखा जुळल्या नाहीत की दाव्यावर शंका घेतली जाते.

पॉवर प्रेसवर काम देत असतील तर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही अशी व्यवस्था हवी, किंवा हात आत असताना यंत्र थांबवणारा सेन्सर हवा. उत्पादन वाढवायला एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात किंवा सेन्सर बंद करतात. बोटं जातात ती यामुळे. अशा मशीनवर बसायला नकार देणं हा अपराध नाही. ओढणी, मोकळी वेणी, काचेच्या बांगड्या, लांब मंगळसूत्र हे फिरत्या भागाजवळ नको. मंगळसूत्र काढायचं नसेल तर ते गणवेशाच्या आत घालून वर बटण लावा.

रात्रपाळी नाकारता येते का?

हो. सायंकाळी ७ नंतर किंवा सकाळी ६ आधी बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व वाहतुकीची व्यवस्था मालकाने करायची असते. जॉइनिंगच्या कागदांत संमतिपत्र असतं, वाचूनच सही करा. होकार देणार असाल तर बस घराच्या किती जवळ सोडते ते आधी पाहून या. बस हमरस्त्यावर सोडते आणि खोली आत दीड किलोमीटरवर, हा शेवटचा टप्पाच धोक्याचा असतो. तिथले थांबे बदलून मागा, तेही चार-पाच जणींनी मिळून. एकटीच्या मागणीला ‘बघू’ असंच उत्तर येतं.

खोली कशी बघायची?

पहिले दोन-तीन महिने एकटीने खोली घेऊ नका. कॉट बेसिसवर किंवा ओळखीच्या तिघी-चौघींबरोबर राहा. सरकारच्या मदतीने चालणारी नोकरदार महिलांची वसतिगृहं ‘सखी निवास’ नावाने असतात. जागा कमी असतात, पण जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात चौकशी करून अर्ज टाकून ठेवा.

खोली बघायला संध्याकाळी अंधार पडल्यावर जा. रस्त्यावर दिवे आहेत का, संडास खोलीबाहेर असेल तर त्याला आतून कडी आणि दिवा आहे का, पाणी किती वाजता येतं आणि ती वेळ तुमच्या पाळीत सापडते का, हे दिवसा कळत नाही. विजेचं वेगळं मीटर नसेल तर युनिटचा दर आधी ठरवा. अनामत रक्कम खात्यावरून द्या, म्हणजे पुरावा राहतो. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा. करार असेल तर तुमच्या पत्त्याचा पुरावाही तयार होतो.

गावचं रेशन कार्ड शहरात चालतं का?

चालतं. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत देशातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. घरच्यांनी गावात त्यांच्या वाट्याचं उचललं आणि तुम्ही शहरात तुमच्या वाट्याचं घेतलं, असंही करता येतं. अट एवढीच, की कार्डावर तुमचं नाव आणि आधार जोडलेलं हवं. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून नाव कमी झालं आणि सासरच्या कार्डात चढलंच नाही, अशा बायकांचं मधल्या मध्ये राहून जातं. ते निघण्याआधीच तहसील कार्यालयात मार्गी लावा.

गरोदर राहिले तर कामावरून काढतील का?

काढता येत नाही. बाळंतपणाच्या रजेवर असताना कामावरून कमी करणं बेकायदा आहे. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडे. गर्भपात झाला तर ६ आठवडे.

ईएसआय असेल तर पैसे ईएसआय देतं, पूर्ण वेतनाइतके. त्यासाठी आधीच्या सलग दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी हवी. ईएसआय लागू नसेल तर मालक देतो आणि अट आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस कामाची आहे. ठेकेदार गरोदरपण कळलं की ‘घरी जा, नंतर परत घेऊ’ म्हणतो आणि राजीनामा लिहून घेतो. तो लिहून देऊ नका. राजीनामा दिला की रजाही जाते आणि कामही. डॉक्टरचा दाखला जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

बाळंतपणाच्या साधारण दहा आठवडे आधीपासून जड काम आणि सलग उभं राहण्याचं काम नको अशी विनंती करता येते, आणि ती मान्य करावी लागते.

मूल लहान आहे. सोबत न्यायचं की गावी ठेवायचं?

हे ठरवायचं घरातल्यांनी. आम्ही फक्त सोयी सांगतो. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा हवी. शहरातल्या कोणत्याही अंगणवाडीत मुलाचं नाव घालता येतं, लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. शाळेत जाणाऱ्या मुलाला दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायदा तसं स्पष्ट सांगतो.

सुपरवायझर अंगाला हात लावतो, घाणेरडं बोलतो. तक्रार केली तर काम जाईल.

ही भीती खोटी नाही, म्हणून पावलं नीट टाका. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष बाई असते, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरची असते. समितीच्या सदस्यांची नावं कारखान्यात लावलेली हवीत. तुम्ही ठेकेदाराच्या असलात तरी ज्या कंपनीत काम करता तिथल्या समितीकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घ्यायला मदत करायची असते.

चौकशी ९० दिवसांत संपवायची आहे. तोवर त्याची किंवा तुमची बदली, किंवा तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते. समितीच नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. हात लावण्याचा प्रकार हा गुन्हाही आहे, पोलिसांत वेगळी तक्रार करता येते. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. वकिलाचा खर्च परवडत नसला तरी अडत नाही: बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक १५१००.

मेसेज, कॉलची नोंद, पाहिलेल्या मैत्रिणींची नावं, तारखा लिहून ठेवा. तक्रारीनंतर अचानक लाइन बदलली किंवा ओटी बंद झाला तर तेही लिहा.

दिवसभर उभं राहून पाय सुजतात, लघवीला जळजळ होते.

दुसरं दुखणं बहुतेक वेळा पाणी न पिण्याचं असतं. लाइन सोडायला ‘रिलीव्हर’ (तुमच्या जागी उभी राहणारी) येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून बायका पाणीच टाळतात. मग मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो आणि तो परत परत उलटतो. बायकांसाठी वेगळी आणि पुरेशी स्वच्छतागृहं हा कायद्याचा भाग आहे. टोकन घेऊन, मिनिटं मोजून सोडण्याची पद्धत असेल तर एकत्र तक्रार करा. पाण्याची बाटली लाइनजवळ ठेवायची परवानगी मागा. ताप, पाठीत कळ किंवा लघवीत रक्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

पायांसाठी: बूट अर्धा नंबर सैल, उभं राहायच्या जागी रबरी मॅट, आणि एक पाय आलटूनपालटून ठेवायला पाच-सहा इंचांची पायरी. एवढ्याने बराच फरक पडतो. मधे बसायला मिळावं म्हणून स्टूल मागता येतं. सोल्डरिंगला धूर ओढणारा पंखा चालू आहे का ते रोज पाहा आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका.

सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देतात. हे काय असतं?

सलग सेवेचे हक्क लागू होऊ नयेत म्हणून काही दिवस कागदोपत्री कामावरून काढायचं आणि परत घ्यायचं, कधी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. पीएफचा कोड बदललेला दिसला की समजायचं. जुनं आणि नवं नियुक्तिपत्र, दोन्ही कार्डं जपून ठेवा. काम तेच, मशीन तेच आणि कंपनी तीच होती हे दाखवता आलं तर पुढे कामगार संघटना किंवा वकील काही करू शकतात.

काम सोडताना काय काय घ्यायचं?

राजीनाम्याची पोच, शेवटची पगारपत्रकं, अनुभवाचं पत्र. राजीनामा दिला किंवा काढून टाकलं तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. उरलेल्या रजांचे आणि बोनसचे पैसे विसरू नका: वर्षात ३० दिवस काम केलं असेल तरी बोनसचा हक्क लागतो आणि बोनस दिवाळीआधी सोडून गेलेल्या बाईचाही असतो. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीही मिळते. पीएफमध्ये काम सोडल्याची तारीख टाकली आहे ना ते पाहा. मालकाने टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर स्वतः टाकता येते.

मी गावच्या बचत गटात आहे. बाहेर गेल्यावर काय?

गटाला लेखी कळवून जा. हप्ता दर महिन्याला खात्यावरून पाठवा, कुणाच्या हाती रोख देऊ नका. कर्ज चालू असेल आणि बैठकीला कुणी जाणार नसेल तर थकबाकीची बातमी तुम्हाला सगळ्यांत शेवटी कळते.

नोकरी लागली की लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये बंद होतात का?

खासगी कारखान्यात नोकरी लागली म्हणून आपोआप बंद होत नाहीत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांवर गेलं तर मात्र अपात्र ठरता. नवऱ्याची आणि तुमची कमाई एकत्र धरून हिशेब करा.

सणाला गावी जायचं तर?

एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. रजेचा अर्ज लेखी द्या आणि मंजुरीचा फोटो ठेवा. न सांगता चार दिवस गैरहजर राहिलं की ‘तिने काम सोडलं’ असं लिहायला ठेकेदाराला आयती संधी मिळते. गावी उशीर होणार असेल तर व्हॉट्सॲपवर का होईना, एचआरला तारखेसह कळवा आणि तो मेसेज पुसू नका.